चाळीस छातीचा कोट

ता. ३ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही आणि मला नवा चष्माही नको आहे. घरी पाठवलं असतं तर बाबांनी आधी फोडलं असतं. फोन करावा तर तो त्यांच्या मशीनशेजारी. तू नुसतं हं हं म्हणालीस तरी पलीकडे काय चाललंय ते त्यांना कळतं. म्हणून ही आडवाट.

डिसेंबरात बाबांना सत्तर पूर्ण होतात. मी त्यांना कोट शिवणार आहे. खराखुरा, आत कॅनव्हास घातलेला, हाताने कॉलर बसवलेला. अख्ख्या गावाच्या अंगावर त्यांनी कोट चढवले आणि स्वतः तो एकच तपकिरी कोट वर्षानुवर्षं रेटतायत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसरं कारण तुला ठाऊक आहे. मी त्यांचं दुकान सोडून नाटक मंडळीच्या कपडेपटात आले तेव्हा ते म्हणाले होते, की नाटकातले कपडे लांबूनच बघायचे, जवळ गेलं की टाके दिसतात. ते वाक्य अजून टोचतं. त्यांना असा कोट द्यायचाय की चष्मा लावून, उजेडात धरून बघितला तरी बोलायला जागा मिळू नये.

तुझं काम एवढंच, की त्यांना न कळता त्यांचं माप पाठवायचं. छाती, पोट, खांदा, बाही, उंची. माप घ्यायला मी त्यांच्याच अंगावर शिकले. तेव्हा छाती चाळीस होती हे मी झोपेतही सांगेन. पण त्याला फार वर्षं झाली, आणि या वयात माणसं पोटाकडून सुटतात, तेव्हा ताजं माप हवं. तू दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजतेस, तुला एक बाप मोजणं जड जाऊ नये.

राखाडी कापड आणून ठेवलंय. येता-जाता हात लावून बघते आणि परत घडी घालते. लवकर लिही.

लोभ आहेच, तो तोंड बंद ठेवून वाढव.

तुझी,
ताई

---

ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाप मोजणं जड जाऊ नये म्हणे. माझी गिऱ्हाइकं समोरच्या खुर्चीत हनुवटी टेकवून गप्प बसतात. आपले बाबा बसतात का? आणि घरात टेप एकच, तो सकाळपासून त्यांच्या गळ्यात. आंघोळीला जातानाच काय तो काढतात, तेव्हा मोजायला बाबा हाताशी नसतात.

आधी मी खुर्चीची युक्ती केली. ते पेपर वाचायला बसले की पाठीमागून खुर्चीवर दोन्ही खांद्यांपाशी खडूने खूण करायची आणि ते उठले की मोजायचं. खुणा छान झाल्या. पण बाबा उठताना खुर्चीला घासून उठले आणि सगळा खडू त्यांच्या शर्टाला लागला. शिंप्याच्या पाठीवर खडू, त्यांना काही वावगं वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी भाजी करपेपर्यंत सुचलं नाही काही.

मग काल ते बटणं आणायला बाजारात गेले. मी दुकानातून उसना टेप आणला होता. कपाटातून तपकिरी कोट काढला, पलंगावर पसरला, बटणं लावली आणि बगलेखालून सरळ मोजून दुप्पट केलं. छाती बरोबर चाळीस. तुझी स्मरणशक्ती धन्य आहे, बाबा तसूभरही बदललेले नाहीत. बाकीची मापं पत्रामागे लिहिली आहेत. कोट होता तसा टांगून ठेवला, हँगरचं तोंडसुद्धा भिंतीकडेच केलं.

आता मला चोरी जमते असं वाटायला लागलंय. पण घरी आल्यावर त्यांनी कपाटाकडे नुसतं बघितलं तरी मी उठून चहा टाकते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आपला लोभ असावा, आणि कोटातलं उरलंसुरलं कापड माझ्याकडे वळवावं.

तुझी,
टाचणी

---

ता. १७ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. आ.

शिंप्याच्या घरात वाढलीस आणि हे असं? कोट चाळीस भरला म्हणजे आतला माणूस चाळीस नव्हे, बाई. कोट अंगापेक्षा चार इंच तरी मोठा ठेवतात, नाहीतर माणूस हात वर कसा करणार? चाळीस छातीला कोट चव्वेचाळीस हवा. तू मोजलेला कोट छत्तीस छातीच्या माणसाचा झाला. आपले बाबा छत्तीस? शक्य नाही. तू नक्की कुठेतरी घडी दाबलीस, नाहीतर तो टेप ताणलेला असेल.

कपडा नको, माणूस मोज. सुतळीचा तुकडा घे, काहीतरी निमित्त काढून मिठी मार, सुतळी पाठीमागून फिरवून पुढे आण आणि चिमटीत धर. मी कपडेपटात नव्या नटांची मापं अशी घेते. मापाला उभं राहिलं की ते छाती फुगवतात, गप्पांत मिठी मारली की खरं माप हाती लागतं.

इथे नव्या नाटकाची गडबड आहे. राणीचे झगे तीन, शिपायांचे अंगरखे डझनभर, आणि माझं लक्ष त्या छत्तीसात. काल शिपायाच्या बाह्या राणीला जोडल्या. उलट टपाली लिही.

लोभ आहे, तो तुझ्या मोजमापावर मात्र नाही.

तुझी,
ताई

---

ता. २५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही हे तू नाटक मंडळीत राहून विसरलीस. मी विनाकारण मिठी मारली असती तर बाबांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. म्हणून पाय मुरगळला. दुकानाच्या पायरीवर ओरडले, बाबा धावले, मी त्यांच्या गळ्यात पडले आणि सुतळी फिरवली. त्यांनी मला धरून आत नेलं, गरम पाण्याची पिशवी दिली. दोन दिवस लंगडले. मधेच पाय बदलला, पण त्यांच्या लक्षात आलं नसावं.

सुतळी शर्टावरून साडेछत्तीस भरली. कोट पुन्हा काढून मोजला, चाळीसच. म्हणजे माझं पहिलं माप चुकलेलं नव्हतं, एवढं तरी कबूल कर.

आता तू लगेच काळजी करशील, तर ऐक. बाबा ठीक आहेत. दुकान वेळेवर उघडतात. कपडे नेहमीसारखे कडक, अंगाला बेताचे. परवाच समोरची बाई म्हणाली, की या वयात तुमचे वडील कसे टापटीप असतात, कुठे एक सुरकुती नाही. जेवण कमी झालंय, पण दाढ दुखते म्हणतात. कोट त्यांना चोख बसतो, पॅण्ट चोख बसते. बारीक झाले असते तर कपडे लोंबले नसते का? मला वाटतं तुझंच चाळीस चुकतंय.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. त्यांच्या गळ्यात पडले तेव्हा हाताला बरगड्या लागल्या. तेव्हापासून मी घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरतेय आणि काय शोधतेय ते मला कळत नाही. 

लोभ ठेव, आणि रागावून लिहू नकोस.

तुझी,
टाचणी

---

ता. २९ सप्टेंबर

चि. टाचणीस,

घाईत लिहितेय, आशीर्वाद समजून घे. माझं चाळीस चुकलेलं नाही.

तो कोट उलटा कर. बगलेखाली, कुशीची शिवण असते तिथलं अस्तर सोडव आणि बघ. बाबा शिवणीत माया भरपूर सोडतात, म्हणजे जास्तीचं कापड आत दुमडलेलं असतं. त्या कापडावर जुन्या टिपेची भोकं आहेत का? किती रेघा आहेत? कोट मी स्वतः पाहिलाय, तिथे एकच टीप होती. मग पॅण्टची मागची शिवण बघ, शर्टही बघ.

बघितल्यावर थांबू नकोस, तशीच लिहायला बस. मी इथे धड शिवत नाही आणि धड झोपत नाही.

ताई

---

ता. ६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन रेघा आहेत. पहिली सगळ्यांत बाहेरची, तुझ्या आठवणीतली. मग आत अर्ध्या इंचावर दुसरी, तिच्या आत तिसरी, आणि सगळ्यांत आत आताची टीप, नव्या दोऱ्याची. दुसऱ्या कुशीलाही तसंच. पॅण्टी मागून आत घेतल्यात, प्रत्येक. शर्टांच्या कॉलरीसुद्धा काढून लहान करून परत बसवल्यात. कमरेचा पट्टा बघून मात्र मला रडू आलं. तो त्यांनी बकलाच्या बाजूने कापलाय, म्हणजे भोक नेहमीचंच वापरात राहील आणि कुणाला शंका येणार नाही.

आम्ही रोज एका टेबलावर जेवतो, ताई. मी सकाळी त्यांना चहा देते, संध्याकाळी दुकानाचं दार लावायला मदत करते. कपडे बरोबर बसत होते म्हणून मी कपड्यांकडे बघत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि मी तुला पत्रातून विनोद पाठवतेय.

परवा सरळ विचारलं. आधी म्हणाले, जुनं कापड ताणतं, आत घ्यावं लागतं. मी पट्टा समोर ठेवला. मग बराच वेळ सुई ओवत बसले. पोटात दुखतं, फार नाही, उन्हाळ्यापासून, असं म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नाही. आईला तपासायला म्हणून नेलं होतं, ती कुठे परत आली, एवढं बोलून त्यांनी मशीन सुरू केलं. मशीन चालू असलं की त्यांच्याशी बोलता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांच्या अंगावरचा कोटसुद्धा बाबांनीच शिवलाय.

मी विनवलं, रागावले, एक दिवस जेवले नाही. माझं ते ऐकणार नाहीत. मी त्यांच्या लेखी अजून फ्रॉकमधलीच आहे. तुझं ऐकतील का, माहीत नाही. पण तूच लिही.

लोभ असू दे. मला भीती वाटते.

टाचणी

---

ता. १० ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवतेय, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमच्या वाढदिवसाला मी कोट शिवणार होते आणि धाकटीला तुमचं माप चोरायला लावलं होतं. पाय मुरगळला नव्हता. तिच्यावर रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

मला माप घ्यायला तुम्ही शिकवलंत. गिऱ्हाईक टेप बघितला की पोट आत ओढून उभं राहतं, तर त्याला पोरंबाळं विचारायची, हवापाणी विचारायचं, बोलता बोलता ते श्वास सोडतं, मग टेप आवळायचा. तुम्ही उन्हाळ्यापासून श्वास रोखून उभे आहात आणि आम्ही दोघी मुली तुमच्याशी गप्पा मारत राहिलो.

आई दवाखान्यात गेली म्हणून गेली, असं तुम्ही धाकटीला सांगितलंत. ते खरं नाही, बाबा. आईनेही महिनोन्महिने सांगितलं नव्हतं. तिला नेलं तेव्हा उशीर झाला होता, हे डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते. मी तिथेच उभी होते. तिने लपवलं ते आपल्याला त्रास नको म्हणून, आणि तुम्हीही त्यासाठीच लपवताय हे मला कळतं. पण मला तुमचा राग आलाय आणि मी भ्यालेय. दोन्ही एकदम आहे, त्यामुळे पत्र नीट उतरत नाहीये.

कापड टेबलावर पसरलंय. खडू हातात घेते आणि ठेवून देते. कुठलं माप धरून कापायचं ते तुम्हीच सांगायला हवं, मी आता कुणाच्या सांगण्यावरून कापणार नाही. आधी डॉक्टरकडे जा. ते काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी कात्री लावणार नाही, मग कापड वर्षभर पडून राहिलं तरी चालेल.

आपला आशीर्वाद हवाच आहे, पण तो समोरासमोर हवा.

आपली,
थोरली

---

ता. २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र त्यांनी मशीनवर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दिवसभर मशीन चालू ठेवलं. मी समजले, संपलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली, तपकिरी कोट घातला आणि मला म्हणाले, की दुकानाला कुलूप लाव आणि चल. वाटेत फक्त एवढंच बोलले, की थोरलीचं अक्षर फार बिघडलंय.

पोटात गाठ आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल, पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलंत, अजून हाताबाहेर गेलेलं नाही असं दिसतं. दिसतं या शब्दावर मी अडकून बसलेय. तपासायला त्यांनी बाबांना कोट-शर्ट काढायला सांगितला. मी तिथे होते. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

बाबांना तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवून घेतलंय, ते मात्र तिथल्या झग्यावर नाराज आहेत. सगळ्यांना एकच माप आणि पाठीला दोन नाड्या, याला शिवण म्हणायचं का, असं त्यांनी परिचारिकेला ऐकवलं.

तू ये. नाटक राहू दे, राण्यांना उघडं फिरू दे. पत्र मिळताच नीघ.

टाचणी

---

ता. १२ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात कोट आहे. घडी उलगडण्यापूर्वी हे वाचा.

तुमच्या उशाशी होते तेव्हा एका दुपारी तुम्ही झोपलात असं बघून मी टेप लावला. पस्तीससुद्धा पुरी भरली नाही. तुम्ही जागे होतात की काय, मला शंका आहे, कारण मी तुमचा हात उचलायला लागले तेव्हा तो फार हलका झाला. माप घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

परत आल्यावर कापडासमोर नुसत्या येरझाऱ्या घालत होते. पस्तीस धरून कापला तर तुम्हाला छान बसेल, वाढदिवसाला आरशासमोर उभे राहाल, सगळे वा म्हणतील. चाळीस धरून कापला तर अंगावर लोंबेल. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली आहे, खाल्लंत तर वजन हळूहळू येईल. लेखी मात्र कुणी देत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं, ते दोनदा हसले.

बाबा, मी चाळीस धरून कापलाय. चुकलं असेल तर चुकलं. मला तुम्ही त्या मापाचे परत हवे आहात आणि दुसऱ्या मापावर माझी कात्री चालेना. कोट सैल होणार हे ठरलेलं आहे. मशीन तुमच्या शेजारी आहे, आत घ्यायला अर्धा तासही लागणार नाही. हात धरायला मी तिथे नाही.

सत्तराव्या वाढदिवसाला नमस्कार. आपला लोभ असावा, आणि टीका सविस्तर लिहावी.

आपली,
थोरली

---

ता. २३ डिसेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

कोट पोचला. धाकटीच्या दुकानातलं भिंग मागवून उजेडात बघितला. आतला खिसा पाव इंच वर बसलाय. डाव्या बाहीचं शेवटचं काज घाईत केलेलं आहे, त्या दिवशी तुझं लक्ष ठिकाणावर नसावं. कॉलर माझ्यापेक्षा चांगली बसवलीस. यापलीकडे बोलायला काही सापडलं नाही. दोन दिवस शोधत होतो.

त्या दुपारी मी जागा होतो. आणि धाकटीचं सोंगही तेव्हाच समजलो होतो, पहिल्या दिवशी डावा पाय होता, दुसऱ्या दिवशी उजवा. पोरीची सुतळी पाठीला लागली तेव्हा मी छाती फुगवली होती, तरी साडेछत्तीसच भरली असं ती आता सांगते, म्हणजे माझं मला कळायला हवं होतं. मला कळत होतं. पहिल्यांदा कोट आत घेतला तेव्हा टाके मोठे घातले, वजन परत आलं की लवकर उसवता यावेत म्हणून. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा बारीक घातले. तुझ्या पत्रापर्यंत मी त्या बारीक टाक्यांचा विचार टाळत होतो.

तू कोट सैल होईल असं लिहिलंस ते कमी लिहिलंस. खांद्यावरून उतरतो, आणि आत आणखी एक म्हातारा सहज मावेल. अंगावर घालून आरशासमोर उभा राहिलो तर मला माझी लाज वाटली. लगेच काढला, उलटा केला, दोन्ही कुशींना खडूने खुणा केल्या, टाचण्या लावल्या, मशीनमध्ये राखाडी दोरा ओवला. अर्धा तास तुला लागत असेल, मला त्याहून कमी. तेवढ्यात धाकटीने जेवायला हाक मारली. येतो म्हणालो आणि मशीनच्या पायडलवर पाय ठेवला. पाय दाबेना. मग उठलो, टाचण्या काढल्या, खडू झाडला आणि जेवायला गेलो. परत वाढून घेतलं.

आता रोज तोच कोट घालून दुकानात बसतो. इतके दिवस कुणी काही विचारत नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं. आता प्रत्येक जण विचारतो. शिंप्याच्या अंगावर असा कोट, धंद्याला बरं नव्हे, असंही एक जण बोलून गेला. मी सगळ्यांना सांगतो, पोटाचं ऑपरेशन झालं, वजन उतरलंय, आणि हे माप माझ्या थोरल्या मुलीने ठरवून दिलंय, तिथपर्यंत मला पोचायचं आहे. सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळली, आता अडखळत नाही.

कोट आत घेतलेला नाही. लोभ तुम्हा दोघींचा पुरेसा आहे, तो वाढवायची गरज नाही. वाढायचं आहे ते मलाच.

तुझा,
बाबा